घरातल्या घरात मॉडेल विमानांचं वर्कशॉप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर वन बीएचके आहे, वेगळी खोली नाही. विमान बांधता येईल का?

येईल. खोली लागत नाही, एक सपाट फळी लागते, आणि ती फळी अर्धवट कामासकट उचलून बाजूला ठेवण्याची सोय लागते. पंख बाल्साचा, म्हणजे त्या अगदी हलक्या लाकडाचा असेल, तर तो तीन-चार संध्याकाळी प्लॅनवर, म्हणजे विमानाच्या खऱ्या मापाच्या नकाशावर, टाचण्यांनी रोवलेला राहतो. रात्री जेवायला बसायचं म्हणून मधेच टाचण्या काढल्या की त्या पंखाचं काही खरं नाही. म्हणून पंख उचलायचा नाही, पंखासकट फळी उचलायची. ती पलंगाखाली सरकेल किंवा कपाटावर आडवी राहील, एवढी जागा आधी मोजून घ्या आणि फळी त्या मापाची करून आणा. माझी पहिली फळी 4 फूट बाय 1 फूट होती आणि सहा वर्षं दिवाणाखाली होती. घरच्यांशी बोलणं करताना "खोली द्या" असं न म्हणता "पलंगाखालची ही जागा माझी" एवढंच मागा. ती लगेच मिळते.

सगळ्यात आधी काय घ्यावं?

टेबलाचा वरचा भाग. हत्यारं नंतर, गोंद नंतर. नवीन लोक आधी महागडा रेडिओ, म्हणजे विमान चालवायचा रिमोट, घेतात आणि विमान डायनिंग टेबलवर बांधतात. मीही तेच केलं होतं. आमच्या डायनिंग टेबलाला मधोमध किंचित झोळ होता, डोळ्याला दिसत नव्हता. त्यावर 200 मिलिमीटर रुंदीचा पंख बांधला आणि प्लॅनवरून उचलला, तर डाव्या टोकाला मागची कड 3 मिलिमीटर वर. 200 ला 3 म्हणजे जेमतेम एक अंशाचा पीळ. मी म्हटलं, एवढ्याने काय होतंय, आणि पंखावर फिल्म, म्हणजे वरचं पातळ प्लॅस्टिकचं आवरण, चढवून मोकळा झालो. मैदानावर हातातून सुटल्या सुटल्या विमान डावीकडे कललं. रेडिओवरची काठी उजवीकडे दाबून धरली तेव्हा कसंबसं सरळ झालं, पण वळताना वेग कमी झाला आणि डावं टोक खाली गेलं. महिन्याचं काम ढेकळांत. पंख जसा टेबलावर पडला होता, तसाच तो हवेत गेला होता.

सपाट टेबलासाठी सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे फ्लश डोअर. आतून पोकळ नसलेला, 30 किंवा 32 मिलिमीटर जाडीचा. साधं 19 मिलिमीटरचं प्लायवूड दिसायला सरळ असतं, पण एक पावसाळा गेला की वाकतं. दरवाजा बनवतानाच तो वाकू नये म्हणून बनवलेला असतो. प्लायवूडच्या दुकानात अडीच फुटी बाथरूमचा दरवाजा मागा, आणि कोपरा फुटलेला किंवा रंगात डाग पडलेला असेल तर तो मुद्दाम मागा, स्वस्तात पडतो. दुकानातच हव्या त्या लांबीचा कापून घ्या आणि उघड्या कडांना लगेच पॉलिश किंवा रंग मारा, म्हणजे कडेने ओल शिरणार नाही.

वर 12 मिलिमीटरचा सॉफ्टबोर्ड टाका, नोटीस बोर्डाला लावतात तोच. त्यात टाचणी बोटाने जाते आणि सरळ उभी राहते. तो चिकटवू नका, नुसता चार कोपऱ्यांना स्क्रूने धरा. वर्षभराने एक बाजू चाळण झाली की उलटायचा. प्लॅन सॉफ्टबोर्डवर पसरून त्यावर वह्या-पुस्तकांना घालतात ते पारदर्शक कव्हर ताणून लावा, त्याला फेविकॉल धरत नाही. टेबल गाठीशी आलं की मग बाकीच्या याद्या करा.

टेबल सपाट आहे हे कसं ओळखायचं?

दोन दोरे घ्या, गवंड्याकडे असतात तसे. एक टेबलाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यात ताणून बांधा, दुसरा उरलेल्या दोन कोपऱ्यांत. चारही टोकांखाली सारख्या उंचीच्या चार आगपेट्या ठेवा. आता मध्ये जिथे दोरे एकमेकांना ओलांडतात तिथे डोळा टेबलाच्या पातळीला आणून बघा. दोघं नुसते टेकलेले असतील तर टेबलाला पीळ नाही. मध्ये फट दिसली, किंवा वरच्या दोऱ्याने खालचा दाबला जातोय असं दिसलं, तर टेबल पिळलेलं आहे. शंका असेल तर दोऱ्यांची अदलाबदल करून, वरचा खाली घेऊन पुन्हा बघा.

झोळ बघायला दोन फुटी स्टीलची पट्टी उभी धरून टेबलावर टेकवा आणि पलीकडून मोबाईलचा टॉर्च मारा. उजेड पट्टीखालून जिथे येतो तिथे खड्डा. पीळ असेल तर बहुतेक वेळा टेबल वाईट नसतं, फरशी वाईट असते. एका पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारून पुन्हा दोरे बघा. हे दर नव्या पंखाच्या आधी करायचं. पाच मिनिटं लागतात.

टेबलाची उंची आणि उजेड?

उभं राहून काम करणार असाल तर कोपराच्या थोडं खाली, साधारण 36 इंच. बसून करणार असाल तर नेहमीच्या लिहिण्याच्या टेबलाइतकी. मी कापतो उभ्याने, चिकटवतो बसून.

उजेड दोन ठिकाणचा हवा. एक डोक्यावरची पांढरी एलईडी ट्यूब, आणि दुसरा हलवता येणारा दिवा, जो टेबलाच्या अगदी कडेला आडवा ठेवता येईल. वरच्या उजेडात घासलेला पंख गुळगुळीत वाटतो. आडव्या उजेडात प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि कुठे अजून हात फिरवायचा ते कळतं.

गॅलरीत वर्कशॉप केलं तर चालेल का?

घासायला आणि रंगायला गॅलरी उत्तम. बांधायला आणि लाकूड ठेवायला वाईट. ऊन एका बाजूने तापवतं, पावसाचे तुषार दुसऱ्या बाजूने येतात, आणि बाल्सा दोन्हीला वाकून दाद देतो. गॅलरी बंद करून घेतली असेल तर बरं, पण पश्चिमेची असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी आत उभं राहवत नाही. फिल्म चढवलेला पंख तिथल्या काचेमागे ठेवला तर फिल्म सैल पडते.

पावसाळ्यात काम बंद ठेवायचं का?

मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता 80-90 टक्क्यांच्या घरात असते, आणि हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. बंद नाही, पण कामाचा क्रम बदला.

बाल्सा हवेतली ओल पितो आणि फुगतो. नुसता फुगला असता तर चाललं असतं, पण त्याची एक बाजू जास्त आणि दुसरी कमी फुगते, म्हणून शीट वळते. ओल्या हवेत ओल्या लाकडावर फिल्म चढवली, की ऑक्टोबर हिटमध्ये आतलं लाकूड आकसतं आणि फिल्म सुरकुतते. म्हणून पावसाळ्यात मी रिब, म्हणजे पंखाच्या आडव्या फासळ्या, कापतो, बॉडीच्या बाजू बनवतो, सोल्डरिंग आणि सर्वोच्या (शेपटी-पंखांचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) जोडण्या करतो. पंख रोवणं आणि फिल्म चढवणं हे दसऱ्यानंतर. विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्यांना एवढं काटेकोर पाळायची गरज नाही, तिथे हवा कोकणाइतकी दमट नसते. त्यांचा त्रास वेगळा आहे, तो पुढे बॅटरीच्या प्रश्नात येईल.

गोंदांचंही गणित पावसाळ्यात बदलतं. फेविक्विकसारखा गोंद हवेतल्या ओलीमुळेच घट्ट होतो. त्यामुळे पावसाळ्यात तो हात हलवायच्या आत पकडतो आणि उघडी बाटली आठवड्यात दगड होते. बाटली सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. न उघडलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये चालतात, फक्त बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. फेविकॉल उलट वागतो, वाळायला दुप्पट वेळ घेतो, तेव्हा टाचण्या दुसऱ्या दिवसापर्यंत काढू नका. फिल्मऐवजी टिश्यू कागद लावून त्यावर डोप (कागद ताणून धरणारं वार्निश) मारणाऱ्यांनी दमट दिवशी डोप उघडूच नये, पृष्ठभागावर पांढुरकी झाक येते.

बाल्सा कसा ठेवायचा?

आडवा, सपाट, वर वजन. भिंतीला टेकवून उभा ठेवलेला शीट महिन्यात धनुष्य होतो. मी कपाटाच्या माथ्यावर, दोन प्लायच्या फळ्यांमध्ये दाबून ठेवतो, जाडीप्रमाणे वेगळे.

ठेवण्याआधी प्रत्येक शीट वजन करा. 0.1 ग्रॅमचा काटा महाग नाही आणि माझ्या मते वर्कशॉपमधली सगळ्यात जास्त पैसे वाचवणारी वस्तू तीच आहे. बाल्साचं लाकूड बहुतेक इक्वाडोरमधून येतं, झाड 5 ते 8 वर्षांत तोडायला तयार होतं, आणि एकाच झाडाच्या दोन फळ्यांच्या वजनात दुपटीचा फरक पडतो. 36 इंच लांब, 3 इंच रुंद, दीड मिलिमीटर जाड शीटचं उदाहरण घ्या. 10 ते 11 ग्रॅम भरला तर हलका, त्यातून रिब आणि शेपटीचे भाग करा. 16-17 ग्रॅम हा नेहमीचा. 22-23 भरला तर जड आणि कडक, तो स्पारला, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांडीला. मी आल्या आल्या पेन्सिलीने कोपऱ्यावर वजन लिहून टाकतो. शेपटीत चुकून जड लाकूड गेलं की ते तोलायला नाकात त्याच्या दोन-तीन पट शिसं भरावं लागतं, कारण शेपटी गुरुत्वमध्यापासून लांब असते आणि नाक जवळ.

हत्यारं कोणती, आणि कुठे मिळतील?

मेडिकलच्या दुकानातून सर्जिकल ब्लेड 11 नंबर आणि 3 नंबरचं हँडल. यापेक्षा चांगला चाकू बाल्साला नाही. धार गेली की बदला, बोथट ब्लेड बाल्सा कापत नाही, चेपतं. स्टीलची पट्टी एक फुटी आणि दोन फुटी, एक छोटा गुण्या, बारीक दातांची करवत, कपडे वाळत घालायचे डझनभर चिमटे, डोक्याच्या टाचण्या, कटिंग मॅट.

घासण्यासाठी अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्याकडे जा आणि चौकोनी पाइपचे उरलेले तुकडे मागा. फूटभर, दीड फूट. एका बाजूला 120 नंबरचा पॉलिश पेपर, दुसरीला 220 डबल टेपने चिकटवा. हा तुकडा अगदी सरळ असतो, म्हणून सात-आठ रिबांवरून एकदम फिरवला की त्या एका रेषेत येतात. नुसत्या हाताने घासलं तर प्रत्येक रिब वेगळी झिजते.

पुण्यात हत्यारांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी, वायर-कनेक्टर-सोल्डरिंगसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. मुंबईत हत्यारांना नागदेवी स्ट्रीट, इलेक्ट्रॉनिक्सला लॅमिंग्टन रोड. बाल्सा, मोटर, सर्वो मात्र बहुतेकांना ऑनलाइनच मागवावे लागतात.

गोंदांच्या बाबतीत काय सांभाळायचं?

एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण फार कमी जणांना माहीत असते. सांडलेलं फेविक्विक सुती कापडाने पुसू नका. सुतावर तो गोंद एकदम घट्ट होतो आणि एवढी उष्णता सुटते की धूर निघतो आणि कातडी भाजते. हातपुसणं म्हणून जुना बनियन वापरायची आपल्याकडे सवय असते. टेबलाजवळ तो नकोच. चिकटलेली बोटं ओढू नका, अॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर लावून सावकाश सोडवा. फेविक्विकची वाफ डोळ्यांना झोंबते, म्हणून जोडाच्या बरोबर वर तोंड नेऊन बघू नका.

अराल्डाइटसारखा इपॉक्सी रोज हाताला लागला तर काही वर्षांनी अॅलर्जी धरते आणि मग ती जात नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला. आणि मे महिन्यात कालवलेला इपॉक्सी हिवाळ्यापेक्षा खूप लवकर घट्ट होतो, तेव्हा थोडा थोडाच कालवा.

बाल्सा घासताना धूळ सगळ्या घरात जाते. उपाय?

पंखा बंद करा. ही आपल्या घरांतली मुख्य अडचण आहे. छताचा पंखा ती धूळ गादी, पडदे आणि देवघरापर्यंत नेतो. गॅलरीत घासा, नाहीतर खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून लावा आणि त्याच्यासमोर घासा. एन-95 मास्क घाला. झाल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. फिल्म किंवा टिश्यू चढवतानाही छताचा पंखा बंदच हवा, नाहीतर कापलेला तुकडा उडून स्वतःलाच चिकटतो. उन्हाळ्यात हे जड जातं, म्हणून ही कामं मी पहाटे करतो. तेव्हा घरही शांत असतं.

थर्माकोल किंवा सनपॅकची विमानं करायची असतील तर?

मग धूळ कमी आणि जागाही कमी. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे, पडलं तरी रात्रीत नवं होतं.

दुकानात दोन शब्दांची गल्लत होते, ती टाळा. सनपॅक म्हणजे पुठ्ठ्यासारखी आतून पोकळ नळ्यांची प्लॅस्टिक शीट, निवडणुकीच्या फलकांना वापरतात ती. हलकी, चिवट. सनबोर्ड म्हणजे बहुतेक ठिकाणी पीव्हीसीचा भरीव बोर्ड, विमानाला जड. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो गरम तारेने कधीच कापू नका. पीव्हीसी तापला की हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, तो छातीला आणि डोळ्यांना घातक आहे. गरम तार फक्त थर्माकोलसाठी, तीही खिडकी उघडी ठेवून.

थर्माकोलला साधं फेविक्विक आणि फेविबॉन्ड दोन्ही खाऊन टाकतात, लावताच खड्डा पडतो. इपॉक्सी, फेविकॉल किंवा फोमसाठी मिळतो तो वेगळा गोंद वापरा. नव्या गोंदाचा पहिला थेंब नेहमी कापलेल्या तुकड्यावर.

बॅटरी कुठे चार्ज करायची?

लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी हा घरातल्या वर्कशॉपमधला सगळ्यात मोठा धोका आहे. बाकी बहुतेक गोष्टींनी बोट कापतं. हिने घर पेटू शकतं.

कडप्प्यावर किंवा फरशीवर चार्ज करा, लाकडी टेबलावर नाही. आजूबाजूला पडदा, कागद, बाल्सा नको. घराबाहेर पडायच्या दाराजवळ नको, कारण आग लागली तर वाट तीच. झोपण्यापूर्वी लावून झोपू नका, दूध आणायला खाली जाऊ नका, तिथेच बसा. हाताशी कोरड्या वाळूची बादली असू द्या. चार्जर बॅलन्स चार्जिंग करणारा, म्हणजे बॅटरीतले सगळे सेल सारखे भरणाराच हवा, आणि सेलची संख्या स्वतः वाचून निवडा. प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट, त्यावर नाही. 2200 मिलिअँपिअर-अवरची बॅटरी असेल तर 2.2 अँपिअरने चार्ज करा, घाई नको. आठवडाभर उडवायचं नसेल तर प्रत्येक सेल 3.8 व्होल्टच्या आसपास आणून ठेवा. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, "अजून एकदा उडवून बघू" असंही नको. ती ई-कचऱ्यात द्या.

नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. तिथे बॅटरी माळ्यावर, गच्चीच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवू नका.

आणि घरात मोटर तपासताना प्रोपेलर काढून ठेवा. दर वेळी. रेडिओचा थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग ठरवणारी काठी, चुकून वर राहिला असेल तर फिरायला लागलेला प्रोपेलर कुणाचं बोट आहे ते बघत नाही.

घरात लहान मूल आणि म्हातारी माणसं आहेत. काय काळजी घ्यावी?

आपण घरात अनवाणी फिरतो, म्हणून पहिली काळजी टाचण्यांची. काम संपलं की स्पीकरमधला जुना चुंबक दोरीला बांधून फरशीवरून फिरवा. वर्कशॉपच्या कोपऱ्यासाठी स्लिपर वेगळी ठेवा आणि ती बाहेर नेऊ नका, तळाला ब्लेडचे तुकडे आणि गोंदाचे खडे चिकटलेले असतात. जुनी ब्लेडं झाकणाला फट पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका. ओल्या कचऱ्यात टाकलेल्या ब्लेडने कचरा वेचणाऱ्या ताईंचा हात कापतो.

मूल सहा-सात वर्षांचं असेल तर त्याला फळीच्या कडेला स्वतःची जागा द्या. सनपॅकचे तुकडे, टेप, बोथट कात्री. माझी मुलगी तशीच शिकली, आणि दोरे ताणून टेबल तपासण्याचं काम आता तीच करते.

जागा अगदीच नसेल, हॉस्टेलच्या खोलीत राहत असेन तर?

मग रबराच्या पिळावर उडणारी विमानं. सगळं वर्कशॉप एका ड्रॉइंग बोर्डवर मावतं. 1871 मध्ये अल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने पॅरिसच्या तुइलरी बागेत असंच विमान उडवलं, रबराच्या पिळावर, 11 सेकंद, आणि ते हवेत स्वतःहून स्थिर राहिलं. मोठ्या हॉलमध्ये उडणारी आजची स्पर्धेची रबरी विमानं तर दीड ग्रॅमच्या आसपास वजनाची असतात आणि अर्धा-अर्धा तास हवेत राहतात. बोटांना लाकडाचं वजन कळायला यापेक्षा चांगली शाळा नाही. एनसीसीच्या हवाई विभागात असाल तर एरोमॉडेलिंग तिथे शिकवतात, त्यांची खोली वापरायला मिळते का तेही विचारा.

इंजिनवाली विमानं घरात ठेवता येतील?

विमान ठेवा, इंधन नको. ग्लो इंजिनाचं, म्हणजे मॉडेल विमानांच्या छोट्या इंजिनाचं, इंधन मुख्यतः मेथॅनॉल असतं, ते विषारी आहे आणि पेटलं तर उजेडात ज्योत जवळजवळ दिसत नाही. फ्लॅटमध्ये त्याचा कॅन ठेवू नये. इंजिन घरी चालवायचा तर प्रश्नच नाही, शेजाऱ्यांचाही विचार करायला हवा.

तयार झालेली विमानं कुठे ठेवायची?

वर. कपडे वाळत घालायला छताला पुली लावून दोऱ्यांनी खालीवर करतो, तो संच हॉलच्या किंवा पॅसेजच्या छताला लावा. दांड्यांमधलं अंतर पंखाच्या रुंदीला जुळवा, दांड्यांना फोमची नळी गुंडाळा, विमान त्यावर पालथं ठेवा आणि वर ओढा. पंख्याच्या पात्यापासून लांब, स्वयंपाकघरापासूनही लांब, कारण फोडणीचा तेलकट थर फिल्मवर बसतो आणि सहज निघत नाही. सुटे पंख भिंतीवर दोन खुंट्यांवर ठेवताना खुंट्या टोकांना न लावता टोकांपासून पाव अंतरावर लावा, मधे झोळ पडत नाही.

किती मोठं विमान बांधू?

बांधण्याआधी टेप घेऊन घराचा दरवाजा, जिन्याचं वळण आणि लिफ्ट मोजा, मग ज्या गाडीतून मैदानावर जाणार तिची मागची सीट मोजा. एक ओळखीचे गृहस्थ दोन मीटरचा एकसंध पंख बांधून बसले आणि तिसऱ्या मजल्यावरून तो गॅलरीतून दोरीने खाली सोडावा लागला. दीड मीटरच्या वर गेलात तर पंख मधोमध दोन तुकड्यांत करा, आत कार्बनची नळी, मैदानावर जोडायचा. स्कूटरवरून जाणार असाल तर 1 मीटरच्या आत राहा आणि पंख रबरबँडने बसवायचा ठेवा. पंख काढून खोक्यात घातला की खोकं पाय ठेवायच्या जागेत उभं राहतं.